मधल्या खोलीतलं टेबल

मी चोर आहे असं आमच्या घरात कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. तेवढी सभ्यता होती. सासूबाई नुसत्या, मी त्यांच्या खोलीत शिरले की आधी कपाटाकडे बघायच्या, मग माझ्या हातांकडे, मग पुन्हा कपाटाकडे. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या. शिवीला उत्तर देता येतं, आणि उत्तर द्यायला मी कधी कुणाला कमी पडलेली नाही, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा.

सुरुवात टेबलापासून करते, कारण माझ्यावरचा पहिला आळ टेबलाचाच.

आमच्या वरच्या मजल्यावर ओळीने तीन खोल्या. एका टोकाला सासूबाई, दुसऱ्या टोकाला माझा धाकटा दीर, आणि मध्ये एक रिकामी खोली. जमीन लाकडी फळ्यांची, जुनी. खाली स्वयंपाकघर आणि आमची झोपायची खोली, तिथे दगडी फरशी. ती मधली रिकामी खोली शिलाई मशीनसाठी मला मिळणार होती. म्हणजे, तसं ह्यांनी कबूल केलं होतं. आमचे हे बस चालवतात. दिवसभर हॉर्न वाजवून घरी येतात आणि घरात मग तोंड उघडत नाहीत. ते एवढं एक वाक्य पूर्ण बोलले म्हणून मी ते धरून बसले होते.

आणि भाऊजींनी तिथे बिलियर्डचं टेबल बांधायला काढलं.

भाऊजी वजनकाटे दुरुस्त करतात. दुकानदारांचे, गोदामांचे, दवाखान्यातले सगळे काटे. अजून लग्न नाही, आणि का नाही ते एकदा त्यांच्याबरोबर चहा घेतला की कळतं. साखर तोलून घेतात हो! एका क्लबात ते सामान तोलायचा काटा नीट करायला गेले आणि तिथे हिरव्या टेबलावर चेंडू पळताना बघून आले. झालं. आले ते भारलेले आले. "वहिनी, काय सपाट! केसाइतका उतार नाही. चेंडू सोडला की सोडल्या रेषेत जातो." मी म्हटलं, "माणसं अशी जात असती तर बरं झालं असतं." त्यांना टोमणा कळला नाही. त्यांना टोमणे कधीच कळत नाहीत.

विकत घ्यायचं टेबल ह्या घराला झेपणारं नव्हतं, म्हणून घरीच बांधायचं ठरलं. जुन्या पलंगांचं लाकूड आणलं. एक शाळा पाडत होते, तिथून भिंतीवरचे दगडी फळे आणले, खरे पाटीच्या दगडाचे. एका फळ्यावर कोपऱ्यात कुणाचं तरी अर्धवट गणित तसंच राहिलं होतं. फळ्यांचा एक थर घातला तर चेंडू पोकळ वाजायला लागला, म्हणून खाली दुसरा थर, मग तिसरा. रोज संध्याकाळी कामावरून आले की एक फळा खांद्यावर घेऊन जिना चढायचे. कडांना रबर लावायला बसच्या फुटक्या ट्यूबा ह्यांनी डेपोतून आणून दिल्या. वर हिरवं कापड ताणलं. कोपऱ्यातल्या खिशांच्या जाळ्या कुणी विणल्या? मी. माझी खोली बळकावून बसलेल्या टेबलाला मीच जाळ्या विणून दिल्या, ह्याला म्हणतात हौस.

टेबल उभं राहिलं, पहिला चेंडू सोडला, सरळ गेला. भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं.

दुसऱ्या आठवड्यात चेंडू खिडकीकडच्या कोपऱ्यात घरंगळायला लागला.

टेबलाच्या प्रत्येक पायाला खाली बोल्ट होता, तो फिरवला की पाय उंच व्हायचा. भाऊजींनी बोल्ट फिरवून टेबल सपाट केलं. दोन-चार दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. मग एके दिवशी मी त्या खोलीत केर काढत असताना ते दारात येऊन उभे राहिले.

"वहिनी, टेबलाच्या पायांना हात लावतेस का तू?"

"केर काढताना झाडू लागत असेल."

"झाडूने बोल्ट फिरत नाही."

"मग मी कशाला फिरवू? मला काय, घरात कामं कमी आहेत?"

"तुला ही खोली हवी होती ना," ते म्हणाले. अगदी शांतपणे. काट्यात भार टाकावा तसं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी झाडू तिथेच टाकला आणि म्हटलं, "उद्यापासून तुमच्या टेबलाखाली तुम्हीच लोळा." त्यांनी दुसऱ्या दिवशी बोल्टांवर लाल रंगाच्या खुणा केल्या, कुणी फिरवला तर कळावं म्हणून. खुणा जिथल्या तिथे राहिल्या आणि चेंडू तरीही कोपऱ्यात गेला. एखाद्याने म्हटलं असतं, चुकलं वहिनी. भाऊजींनी काय अर्थ काढला माहीत आहे? मी बोल्ट फिरवते आणि खूण पुन्हा बरोबर जागेवर रंगवते! खोलीला कुलूप लावलं तर म्हणे माझ्याकडे दुसरी किल्ली असणार. मी इतकी हुशार आहे हे मला त्या दिवशी कळलं.

हे सगळं चालू असतानाच सासूबाईंचं कपाट सुरू झालं.

त्यांचं लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला पाठ लावून उभं. कडी झिजलेली, पण दार नीट बसायचं. एका सकाळी मी चहा घेऊन वर गेले तर कपाट उघडं.

"कपाट कुणी उघडलं, सूनबाई?"

"तुम्हीच विसरला असाल."

"मी चाळीस वर्षं ह्या कपाटाचं दार लावतेय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडं. दुपारी सासूबाई जरा पडल्या, उठल्या तर उघडं. त्यांनी कपाटाच्या पुढच्या पायांखाली पुठ्ठ्याची घडी सारली, दार मागे राहावं म्हणून. दोन दिवस राहिलं. मग पुन्हा उघडं. त्या खोलीत दिवसातून दहादा जाणारी मी एकटी. गुडघे गेल्यापासून सासूबाई जिना उतरत नव्हत्या. त्यांचं ताट, औषध, पाणी, सगळं मीच वर न्यायची. आता मी ताट ठेवून होईपर्यंत त्या माझ्यावरची नजर काढत नसत.

आणि मग अंगठी गेली. सासऱ्यांची सोन्याची अंगठी, त्यांच्यामागे सासूबाईंनी एका उघड्या वाटीत वरच्या कप्प्यावर ठेवलेली. वाटी आडवी पडलेली, अंगठी नाही.

सासूबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी नणंदेला फोन लावला आणि मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "तू रविवारी ये. मी तुझ्याकडे राहायला येते. इथे माझ्या वस्तू माझ्या राहिल्या नाहीत. घराचंही काय ते एकदा ठरवून टाकू."

म्हणजे रविवारी माझा निकाल. नणंद येणार, पोराबाळांत बसून ठरणार की सून चोरटी आहे. त्यानंतर मी ह्या घरात कुठल्या तोंडाने राहणार होते? सासूबाई जाणार म्हटल्यावर घर विकायची गोष्ट निघणार, आणि जन्मभर सगळे म्हणणार, हिच्या हातामुळे घर मोडलं. मी रात्री ह्यांना म्हटलं, "तुम्हाला तरी वाटतं का हो, मी घेतली असेल?"

"छे," हे म्हणाले आणि कूस बदलली.

ते 'छे' मी घट्ट धरून ठेवलं. घरात एक माणूस आपल्या बाजूने असलं की पुरतं.

मग मीही संशय घ्यायला लागले. का नाही घ्यायचा? मी काय देवाघरून आलेय? अंगठी भाऊजींनीच विकली असेल, हिरवं कापड काय फुकट येतं? की सासूबाईंनीच लपवली, लेकीकडे जायला निमित्त म्हणून? माझ्या पिठात रोज लाकडाचा भुसा सापडायला लागला होता. मी पिठाच्या दुकानदाराशी जाऊन कडाकडा भांडले, तोलमापाला भाऊजींना पाठवीन म्हणून दम दिला. स्वयंपाकघराचं दार वर घासायला लागलं, नीट लागेना. ह्यांनी रंधा मारला, पुन्हा लागेना. मला तर दारही माझ्याविरुद्ध गेल्यासारखं वाटलं.

त्यात शुक्रवारी मी माझी ट्रंक उघडली. खाली आमच्या खोलीत पलंगाखाली असते. त्यात माझ्या आईने विणलेले स्वेटर आहेत. मी स्वेटर गुंडाळून ठेवते, लहानपणापासून, आईसारखे. आता ते घडी करून ठेवलेले होते, बाह्या मागे दुमडून, एकावर एक, चापूनचोपून. कुणीतरी सगळी ट्रंक तळापर्यंत उपसली होती आणि परत भरली होती.

मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. कपाटाचा आळ मी सोसला होता, पण माझ्या आईच्या स्वेटरांत हात घालून अंगठी शोधली, हे मला सोसेना. सासूबाईंनी भाऊजींना पाठवलं असणार, माझ्या मनाने नक्की केलं. रविवारी सगळ्यांसमोर हे काढायचंच, असं ठरवून मी डोळे पुसले.

रविवार आला. नणंद संध्याकाळी पोचणार होती. दुपारी सासूबाईंनी मला हाक मारली. "इथे बस. माझ्यासमोर. ती येईपर्यंत माझ्या नजरेआड जायचं नाही."

"बसते ना. तुम्हीही जाऊ नका माझ्या नजरेआड," मी म्हटलं आणि त्यांच्या समोर खुर्ची टाकली. कपाट बंद होतं, मी स्वतः दोनदा ओढून बघितलं. दोघी एकमेकींकडे टक लावून बसलो, डोळ्यांत तेल घालून. मधल्या खोलीत भाऊजी टेबलाशी खटपट करत होते. त्यांनी ह्यांना मदतीला बोलावलं. हे त्यांच्या त्या जड बुटांनी जिना चढून गेले. भिंतीपलीकडून भाऊजींचा आवाज आला, "दादा, तू ह्या कडेला टेक, मी पाय उचलतो."

आणि कपाट कुरकुरलं. कडी निसटली. दार सावकाश, अगदी पाहुण्यासारखं, पूर्ण उघडलं.

आम्ही दोघीही जागच्या हललो नव्हतो.

सासूबाईंनी हात जोडले. "अहो, तुम्ही आलात?" त्या कपाटाला म्हणाल्या. त्यांना वाटलं सासरेच आले.

"ते नाही आले आई, तुमचा मुलगा गेलाय शेजारच्या खोलीत!" मी ओरडले. तोपर्यंत मलाही नीट कळलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. मी धावत मधल्या खोलीत गेले आणि टेबलावरचा लाल चेंडू उचलला.

"वहिनी! चेंडू ठेव!"

ठेवते की काय! मी तो आणून सासूबाईंच्या खोलीत कपाटाच्या पायाशी जमिनीवर ठेवला. हात काढला. चेंडू क्षणभर थांबला, मग निघाला, आणि खोली ओलांडून मधल्या भिंतीला जाऊन टेकला. तो उचलून मी भाऊजींच्या खोलीत गेले, पार पलीकडच्या टोकाला ठेवला. तिथूनही तो मधल्या भिंतीकडेच आला. म्हणजे दोन्ही बाजूंनी जमीन टेबलाकडे उतरत होती. ते दोघे भाऊ दारात उभे राहून माझा खेळ बघत होते.

मग मला पिठातला भुसा आठवला. मी खाली पळाले. स्वयंपाकघरात रोज उभी राहते तिथे उभी राहिले आणि वर बघितलं. इतक्या दिवसांत एकदाही मान वर केली नव्हती. चुलीच्या बरोब्बर वर जाड तुळई पोटातून वाकली होती. तिला हात जाईल एवढी फट पडली होती आणि फटीत आतलं लाकूड वाळवीने खाऊन चाळण झालेलं दिसत होतं. माझ्या चेहऱ्यावर थोडा भुसा पडला.

"भाऊजी!" मी खालूनच हाक मारली. "टेबलाचं वजन किती?"

वर त्यांची पावलं जिन्याकडे वळली.

"जगातल्या सगळ्या गोष्टी तोलता ना तुम्ही? साखर तोलता! ह्याचं वजन सांगा!"

ते जिन्यात आले. मनात आकडे मांडताना त्यांचे ओठ हलतात, तसे हलत होते. एक फळा, त्याचे तीन थर, लाकूड, रबर. एकेक तुकडा खांद्यावरून नेला होता, एकेक तुकडा झेपला होता, म्हणून बेरीज करायची त्यांना कधी गरजच वाटली नव्हती. काट्यांचा माणूस, आणि आपलंच टेबल तोलायचं राहिलं! त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग ते माझ्याकडे बघायला लागले, मी उभी होते त्या जागेकडे, चुलीकडे.

"वहिनी, तू आधी तिथून बाहेर ये," ते म्हणाले.

मग जी धावपळ झाली! मी स्वयंपाकघर रिकामं केलं. दोघे भाऊ भिंतीच्या कडेकडेने चालत एकेक फळा काढून बाहेर नेऊ लागले. भाऊजींनी हिरवं कापड स्वतःच्या हाताने फाडलं, मला बघवलं नाही. सासूबाई जिन्याच्या तोंडाशी, आपल्या खोलीच्या उघड्या दारासमोर खुर्चीत बसून "हळू रे, हळू" करत होत्या. सगळे थर उतरल्यावर ह्यांनी डेपोतून बसचा जॅक आणला, तुळईखाली जाड खांब उभा केला, आणि जॅक दाबायला सुरुवात केली. हळूहळू, दाबून थांबत, पुन्हा दाबत. असल्या कामात ह्यांचा हात धरणारा कुणी नाही. मी वर सासूबाईंजवळ होते. जमीन कण्हली. आणि उघड्या कपाटाचं दार आमच्या डोळ्यांदेखत आपणहून मागे गेलं आणि खट्कन बंद झालं.

सासूबाई त्या दाराकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या खोलीत चेंडू जिथे टेकला होता तिथे मी बोट दाखवलं. भिंत आणि फळी ह्यांच्यात चीर होती. भाऊजींनी पहारीने फळी उचकटली. खालच्या भुशात अंगठी होती. कपाट पुढे झुकलं, वाटी आडवी झाली, आणि अंगठी चेंडूच्याच वाटेने गेली होती.

सासूबाईंनी अंगठीला हात लावला नाही. माझा हात धरला. "पोरी, मी तुला चोर समजले. ह्या तोंडाने जेवण घेतलं तुझ्या हातचं." आणि त्या लहान मुलीसारख्या रडायला लागल्या. भाऊजी पहार हातात घेऊन उभे होते. म्हणाले, "मी तर तुला रोज त्या तुळईखाली उभं केलं, वहिनी." त्यांचं नाक वाहत होतं. मी पदरानं स्वतःचं पुसत म्हटलं, "आता मधली खोली माझी. मशीन हलकं असतं, पाहिजे तर तोलून घ्या." तेव्हा ते रडता रडता हसले. बहुतेक पहिल्यांदाच त्यांना टोमणा कळला. सासूबाईंनी नणंदेला फोन करून सांगितलं, ये, पण नुसती जेवायला ये.

माझ्या छातीवरचा दगड उतरला होता. मन इतकं हलकं झालं की उरलेलं एक कुसळही काढून टाकावंसं वाटलं. हेही तेव्हा वर आले होते, हात पुसत.

"आई, कपाटाचं मी विसरले," मी म्हटलं. "पण माझी ट्रंक तुम्ही उघडायला लावायला नको होती. विचारलं असतं तर मीच उपसून दाखवली असती."

"कसली ट्रंक?" सासूबाई म्हणाल्या.

"माझी. खालची."

"मी कधी उतरले गं खाली? आणि तुझ्या खोलीत कुणाला पाठवीन मी?"

मी भाऊजींकडे बघितलं. त्यांना खोटं बोलता येत नाही, तेही तोलूनमापूनच बोलावं लागलं असतं. ते गोंधळून म्हणाले, "ट्रंकेचं काय?"

हे पुसलेले हात पुन्हा पुसत होते. जॅक दाबताना घाण होऊ नये म्हणून त्यांनी डेपोचा शर्ट काढून जिन्याच्या कठड्यावर ठेवला होता. डेपोत तपासणी असते, म्हणून तो शर्ट ते मला घडी करू देत नाहीत, लग्न झाल्यापासून स्वतःच करतात. बाह्या मागे दुमडलेल्या होत्या, चापूनचोपून.

"अहो," मी म्हटलं.

त्यांनी वर बघितलं नाही.

आमची खोली खाली आहे. तिथे दगडी फरशी आहे, आणि चेंडू ठेवला तर तो जागचा हलत नाही.